पोट सुटलेली भिंत

ईप्सिता : ही जिप्समची पट्टी बघा, बाबा. लांबी माझ्या तळहाताएवढी, जाडी पाच मिलिमीटर. भिंतीतल्या भेगेवर आडवी बसवलीय. भिंत हलली तर आधी ही तडकते. डाव्या टोकापासून साधारण अंगठाभर आत एक रेघ आलीय. केसाहून बारीक. मागच्या महिन्यात नव्हती.

मोहनराव : हं.

सुलेखा : हं काय? दिसली का?

मोहनराव : दिसली की. ही ना?

ईप्सिता : ती... ती मी पेन्सिलनं घातलेली तारीख आहे, बाबा. रेघ जरा वर.

मोहनराव : इथे उजेडच नाहीये धड.

सुलेखा : अहो, खिडकी तुमच्या पाठीशी आहे. सगळा उजेड भिंतीवर पडलाय. उगाच जर्मनीच्या उजेडाला नावं ठेवू नका.

मोहनराव : सुलेखा, ब्राउनश्वाइगहून गाडी बदलून आपण इथे ल्युनेबुर्गला आलो ते सूनबाई ज्यावर काम करतेय ते जुनं घर बघायला. माझे डोळे तपासायला नाही.

सुलेखा : डोळे पुण्यातच तपासून झालेत. एका डोळ्याचा मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, बिघडलाय, दुसऱ्याचा बिघडायला लागलाय, मधलं दिसणं कमी होत जाणार, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. तेव्हापासून तुमच्या ऑफिसातला विष्णू बिचारा एकच प्रश्न विचारतोय. काल रात्री पुन्हा त्याचा मेसेज आला.

मोहनराव : माझा फोन तू कशाला वाचतेस?

सुलेखा : तुम्हीच दिलात की वाचायला! 'चष्मा सापडत नाही, जरा वाच गं.' चष्मा नाकावरच होता.

ईप्सिता : आई, काय म्हणतात विष्णूकाका?

सुलेखा : एरंडवण्यातल्या त्या जुन्या इमारतीला मजबुतीचा दाखला द्यायचाय. तीस-बत्तीस बिऱ्हाडं आहेत तिथे. विष्णू म्हणतो, 'सर, सोमवारी मी पाहणी करतो, फोटो पाठवतो. सही तुम्ही तिथून करणार की मी करू, एवढंच सांगा.' किती साधा प्रश्न आहे! पण गणपतीपासून त्याला झुलवत ठेवलंय.

मोहनराव : झुलवत नाही. विचार करतोय. चाळीस वर्षं त्या कागदांवर माझं नाव आहे. ते काय पेन्सिलनं लिहिलंय, खोडरबरानं पुसायला? ...ईप्सिता, तू तुझ्या भिंतीचं सांग. ही बाहेर झुकलीय, बरोबर? रस्त्यावरून बघितली तेव्हाच लक्षात आलं. चांगलं पोट सुटलंय तिला.

ईप्सिता : गेनाऊ, अगदी बरोबर. इथले लोक गमतीनं 'गरोदर' म्हणतात अशा भिंतींना. गावात आणखीही आहेत.

सुलेखा : बाई गं! कितवा महिना?

ईप्सिता : पाचशे वर्षं झाली, आई.

मोहनराव : सोपी केस आहे. सडपातळ भिंत, वरच्या मजल्यांचा भार, मधे बांधलेली नाही. बकलिंग, भारानं वाकणं. दोन लोखंडी टाय, आडवे गज, घालायचे, सिमेंटचा पातळ ग्राउट आत मारायचा, विषय संपला. आणि पैज लावून सांगतो, कुणीतरी आधीच सांगून गेलं असेल.

ईप्सिता : तीन इंजिनिअर येऊन गेले. तिघंही हेच म्हणाले. एक म्हणाला, पाडून पुन्हा बांधा.

मोहनराव : मग मी चौथा.

ईप्सिता : आल्झो, म्हणजे... भिंतीची जाडी बघा की. या खिडकीत हात घाला.

मोहनराव : थांब. कोपरापर्यंत... अरे, कोपराच्याही पुढे गेला. ही सडपातळ नाही.

ईप्सिता : नाही.

मोहनराव : मग भारानं वाकायचं काही कारण नाही. आणि सांध्यांत भरलंय काय? चुना नाही हा. नख लागत नाही. चुन्याचा सांधा इतका जुना झाला की भुगा होतो.

ईप्सिता : जिप्सम आहे. गावाच्या कडेला एक टेकडी आहे, जिप्समचीच. तिथून दगड काढायचे, भट्टीत भाजायचे आणि दळून मॉर्टर करायचे. चुना लांबून आणावा लागायचा, हे घरच्या अंगणात. पण भट्टीत आच सगळीकडे सारखी नसते. जे दगड आगीच्या जवळ होते ते जास्त भाजले गेले. जास्त भाजलेलं जिप्सम पाणी लगेच घेत नाही. कालवताना ते नुसतं पडून राहतं, खड्यासारखं.

सुलेखा : आणि मग?

ईप्सिता : मग भिंतीत गेल्यावर, पावसाची ओल लागली की हळूहळू पाणी प्यायला लागतं. आणि फुगतं.

सुलेखा : म्हणजे न भिजलेला साबुदाणा! वरून खिचडी झाल्यासारखी दिसते, पण मधेच एखादा दाणा टणक राहतो.

ईप्सिता : हो आई. फक्त हा दाणा शतकानुशतकं भिजत राहिला.

मोहनराव : थांब, थांब. बोलू नकोस. मला करू दे... पाऊस बाहेरून लागतो. आत चूल, शेकोटी, सगळं कोरडं. म्हणजे बाहेरच्या बाजूचे सांधे वाढले, आतले नाहीत. बाहेरची बाजू उंच होत गेली, आतली आहे तेवढीच. मग भिंत काय करेल? बाहेरच्या बाजूला कमान धरेल! थर्मोस्टॅटमधली पट्टी असते ना दोन धातूंची, एक धातू जास्त वाढतो आणि पट्टी वाकते, तसं. भिंत भारानं वाकलेलीच नाही, ती वाढलीय! वा! अगं, वा!

ईप्सिता : बाबा, हे समजायला मला पहिलं वर्ष गेलं. आणि दोन धातूंच्या पट्टीचं उदाहरण मला सुचलं नव्हतं. मी हे वापरणार आहे.

मोहनराव : वापर, वापर. आणि सिमेंट? थांब... जिप्सम म्हणजे सल्फेट. सल्फेट आणि सिमेंट एकत्र आले की... अरे देवा. मी ग्राउट मारा म्हणालो!

ईप्सिता : सत्तरच्या दशकात कुणीतरी मारलाही. बाहेरचे सांधे सिमेंटनं भरले. दोन्हींची रिॲक्शन झाली, त्यातून तयार झालेला क्षार फुगला आणि विटांचे कपचे उडाले. रोगापेक्षा औषधानं जास्त नुकसान केलं. ते सगळं सिमेंट आम्ही छिन्नीनं काढलं, हातानं. मशीन लावलं नाही.

सुलेखा : ऐकलंत? आगीत तेल ओतायला निघाला होतात.

मोहनराव : ऐकलं. आणि मला आनंद झाला. या वयात आपलं उत्तर इतकं सपशेल चुकावं आणि इतकं सुंदर चुकावं, असं रोज होत नाही.

सुलेखा : घरात रोज होतं.

ईप्सिता : आता इथे खाली, या हॉलमध्ये या. 'डीले' म्हणतात याला. रस्त्यावरून घोडागाडी थेट आत यायची. म्हणून दार एवढं उंच.

सुलेखा : आणि घरमालक कुठे राहायचा? घोड्याशेजारी?

ईप्सिता : मागच्या बाजूच्या खोल्यांत. हा पुढचा भाग धंद्याचा. वर जे तीन-चार मजले दिसतात ते राहायचे नाहीतच, सगळी गोदामं. मीठ, धान्य, खारवलेले मासे. गावाखाली मिठाचं पाणी होतं. ते उकळून मीठ काढायचे आणि जहाजांनी समुद्रापलीकडे पाठवायचे.

सुलेखा : मिठावर एवढं घर? आपल्याकडे संध्याकाळी कुणी मीठ उसनं मागायला आलं तर देत नाहीत. आता कळलं, लक्ष्मी कुठून जाते ते.

मोहनराव : सुलेखा, वर बघ. ती तुळई. एका झाडाची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि तिला खालून खांब नाही.

सुलेखा : मी खाली बघतेय. अहो, इकडे या. या लादीवर बघा. मांजराचा पाय!

ईप्सिता : तुम्हाला सापडला! मी मुद्दाम दाखवणार नव्हते. विटा ओल्या असताना मैदानात वाळत घालायचे. कुणाचंतरी मांजर त्यावरून गेलं. कारागिरानं ती वीट टाकून दिली नाही. भाजली आणि दारातच बसवली.

सुलेखा : दारातच! लक्ष्मीची पावलं काढतो तशी.

मोहनराव : माझा हात धर जरा, वाकतो. ...हो. चार बोटं आणि मागची गादी. एक नख पण आहे. केवढीशी आहे बघ! पिल्लू असणार.

सुलेखा : हात लावायच्या आधी बघा तरी.

मोहनराव : हातानंच बघतोय. माझी पिशवी दे. ईप्सिता, त्या भिंतीला आतून वर एखादा खिळा आहे का?

ईप्सिता : जिन्याच्या कठड्याशेजारी जुना आकडा आहे. का?

सुलेखा : का काय! आणलाय त्यांनी. पितळी ओळंबा. मुंबईच्या विमानतळावर दोनदा बॅग उघडायला लावली. त्या पोरीनं विचारलं, 'अंकल, हे काय आहे?' तर हे म्हणतात, 'बेटा, जगातलं सगळ्यात प्रामाणिक यंत्र.' आमच्यामागे अख्खी रांग खोळंबलेली!

मोहनराव : मग खोटं काय त्यात? जगात काहीही वाकडं होवो, ओळंब्याचा दोरा सरळच लोंबतो. ईप्सिता, तू जिन्यावर चढ आणि त्या आकड्याला बांध. हां. सोड आता. हळू... स्थिर होऊ दे. मी पायरीपायरीनं खाली मोजत येतो.

ईप्सिता : लेझरनं घेतलेला आकडा आहे माझ्याकडे, बाबा. सांगू?

मोहनराव : अजिबात सांगू नकोस. वर भिंत आणि दोरा यांत दोन बोटं. इथे... चार. इथे... थांब... इथे पूर्ण वीत बसते. वीत आणि वर तीन बोटं. टोकाची दोन बोटं वजा केली की चोवीस सेंटिमीटरच्या आसपास. आणि खाली पुन्हा दोन बोटं. कमान एकसारखी आहे गं, कुठे खाच नाही, कुठे मोड नाही. एवढं फुगूनही हिनं आपला आकार सोडला नाही. काय बांधलीय!

ईप्सिता : लेझरचे तेवीस पॉइंट सात आहेत.

मोहनराव : हो? तीन मिलिमीटरनं चुकलो. माझी वीत आखडली असेल म्हातारपणी.

सुलेखा : अहो, पण डोळे का मिटलेत?

मोहनराव : हातानं मोजताना मिटावेच लागतात. लक्ष लागतं.

सुलेखा : पूर्वी नाही मिटायचात. मी लग्नानंतर वर्षभर तुमच्या साइटवर डबा घेऊन यायचे. ओळंबा लावला की तुम्ही एक डोळा बारीक करून दोऱ्याकडे बघत उभे राहायचात. डबा गार व्हायचा.

मोहनराव : थांब. पुन्हा बघतो.

ईप्सिता : बाबा? वाऱ्यानं हलतोय का दोरा? दार लावू?

मोहनराव : वारा नाहीये. दोरा स्थिर आहे. मला तो वाकडा दिसतो.

सुलेखा : कोण?

मोहनराव : दोरा. मधे, जिथे बघतो तिथेच, वाकतो. बाजूला बघितलं की सरळ होतो. पुन्हा त्याच्याकडे बघितलं की वाकतो. म्हणून मिटले डोळे. म्हटलं, डोळ्यांचं ऐकण्यापेक्षा बोटांचं ऐकतो.

सुलेखा : हे मला नव्हतं सांगितलंत.

मोहनराव : आत्ता कळलं, आत्ता सांगितलं. पुण्यातून निघाल्यापासून पहिल्यांदाच लावला तो.

सुलेखा : दुसराही डोळा?

मोहनराव : आता दोन्ही. ...चल, ईप्सिता. वर काय आहे? ते गोदाम दाखव. मला पायऱ्या चांगल्या दिसतात. बाजूचं सगळं दिसतं, फक्त ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. मधेमधे थांबवू नका मला.

(तिघंही वरच्या माळ्यावर, रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीच्या मागे. माल ओढायचं मोठं लाकडी चाक, आणि एक उघडी खिडकी.)

सुलेखा : अगं बाई, हे चाक! माणसापेक्षा मोठं.

ईप्सिता : रस्त्यातून पोती वर ओढायला. दोर त्या खिडकीतून बाहेर, तुळईवरून खाली. चाक अजून फिरतं. पण आपण फिरवायचं नाही, आई. डेंकमालशुत्झ, म्हणजे इथलं वारसा जपणारं खातं. त्यांना कळलं तर माझी किल्ली जाईल.

सुलेखा : मी हातसुद्धा लावला नाही. नुसती बघतेय. किती गुळगुळीत झालंय, जिथे जिथे माणसांनी धरलं तिथे.

ईप्सिता : बाबा, इकडे खिडकीशी या. धरून. बाहेर डावीकडे हात काढा, फार नाही. काय लागतं?

मोहनराव : वीट. ...नाही. ही वीट नाही. दोरखंड आहे.

ईप्सिता : वीटच आहे.

मोहनराव : पीळ आहे हिला. गोल, आणि पीळ. खालच्या विटेचा पीळ पुढे इथे चालू राहतो... आणि इथून वरच्या विटेत. अगं, हा एकच लांब दोर वर चाललाय. कुठे तुटत नाही.

ईप्सिता : दर्शनी भिंत वर पायऱ्यापायऱ्यांची निमुळती होत जाते ना, त्या प्रत्येक पायरीच्या कडेनं असाच दोर जातो. प्रत्येक वीट वेगळी घडवायची, मातीला हातानं पीळ द्यायचा, मग भाजायची. भाजताना वीट आकसते. पण बसवल्यावर पीळ जुळला पाहिजे. म्हणजे आकुंचन आधीच हिशोबात धरलेलं.

मोहनराव : आणि पलीकडच्या बाजूला? तिथे पीळ उलटा असेल बघ. जोडीला जोड.

ईप्सिता : हो. उलटाच आहे. तुम्हाला कसं कळलं?

मोहनराव : मी असतो तर तसाच केला असता. आणि ही मधलीच गुळगुळीत का? काचेसारखी.

ईप्सिता : तिला झिलई दिलीय. काळपट हिरवी. दोन साध्या, एक झिलईची. ऊन आलं की तेवढीच चमकते. रस्त्यावरून दिसते, पण लोक वर बघत नाहीत.

मोहनराव : दगड नाही, संगमरवर नाही. गावाबाहेरची माती आणि टेकडीचं जिप्सम. हाताशी जे होतं त्यातून हे केलं! मी आयुष्यभर काँक्रीट ओतलं, सुलेखा. चांगलं ओतलं. पण उद्या माझ्या इमारतीच्या खिडकीतून कुणी हात बाहेर काढला, तर त्याच्या बोटांना काय सापडेल?

सुलेखा : कबुतराची शीट.

मोहनराव : बघ! चेष्टा सुचते हिला.

सुलेखा : मग काय रडू? आत या आधी. अर्धे बाहेर लटकलाय.

ईप्सिता : बाबा, बसा दोन मिनिटं. मला एवढ्या दोन पट्ट्यांचे आकडे घ्यायचेत. मग आपलं झालं.

मोहनराव : या पट्ट्या खालच्यासारख्या नाहीत?

ईप्सिता : नाही. इथे प्लास्टिकच्या दोन पारदर्शक पट्ट्या, एकीवर एक. मागच्या पट्टीवर बारीक चौकटी, पुढच्या पट्टीवर लाल फुली. भेग रुंदावली की फुली सरकते. भिंत पाडायची की ठेवायची, हे वसंतापर्यंत ठरेल, आणि ते याच आकड्यांवर. आज मल्हार यायचा होता माझ्याबरोबर, आमच्याकडे पीएचडी करतो तो. पण तापानं झोपलाय.

सुलेखा : एवढंसं वाचायला दोघं कशाला?

ईप्सिता : नियमच आहे, आई. फिअर आउगन प्रिन्झिप म्हणतात इथे, चार डोळ्यांचा नियम. कुठलाही महत्त्वाचा आकडा एकट्यानं वाचायचा नाही. दोघांनी वाचायचा, पण वेगवेगळा. एकमेकांना न सांगता. मग दोन्ही नोंदवायचे.

मोहनराव : चांगला नियम आहे. मग मल्हारच्या जागी मी आहे की.

सुलेखा : अहो...

मोहनराव : अहो काय? चाळीस वर्षं आकडेच वाचले मी. हा टॉर्च धर, ईप्सिता. वाचू दे मला.

ईप्सिता : ...चालेल, बाबा. या. ही पहिली. मला एक पॉइंट चार वाटतोय. तुम्ही बघा बरं.

मोहनराव : ...हं. एक पॉइंट चार.

ईप्सिता : लिहिते.

मोहनराव : थांब. लिहू नकोस. तू आधी का बोललीस?

ईप्सिता : बाबा?

मोहनराव : आत्ताच नियम सांगितलास. एकमेकांना न सांगता. मग तुझा आकडा तू आधी का सांगितलास?

ईप्सिता : चुकून झालं.

मोहनराव : तुझ्याकडून चुकून काही होत नाही. तू आमटीत मीठ वजन करून घालतेस. मल्हार असता तर सांगितला असतास?

ईप्सिता : नाही.

मोहनराव : मग मला का?

सुलेखा : जाऊ द्या ना आता. पोरीनं काय गुन्हा केलाय का?

मोहनराव : गुन्हा नाही गं. मला समजून घ्यायचंय. सांग, ईप्सिता.

ईप्सिता : तुम्ही वाचतो म्हणालात. नाही म्हणणं मला जमलं नाही. आणि तुम्ही चुकीचा आकडा सांगितलेला... मला तो ऐकायचा नव्हता.

मोहनराव : म्हणून आधीच बरोबर उत्तर देऊन टाकलंस.

ईप्सिता : हो.

मोहनराव : मला ती लाल फुली दिसलीच नाही. मधे नुसता एक राखाडी डाग आहे. तू एक पॉइंट चार म्हणालीस, मी एक पॉइंट चार म्हणालो. तू सात म्हणाली असतीस तर मी सात म्हणालो असतो.

सुलेखा : बसा हो. इथे, या तुळईवर.

मोहनराव : विष्णूही हेच करतो.

सुलेखा : काय?

मोहनराव : साइटवर. भेगेला गेज लावतो, माझ्याकडे वळतो आणि म्हणतो, 'सर, पॉइंट तीन असावा, नाही का?' मी वाकतो, बघितल्यासारखं करतो आणि म्हणतो, 'हो, पॉइंट तीन.' गेले काही महिने असंच चाललंय. पूर्वी कधी तो आधी बोलायचा नाही. मी वाचायचो, मग तो वाचायचा आणि आम्ही भांडायचो. आता भांडणच होत नाही. मला वाटायचं, पोरगा मुरला. आमचं एकमत व्हायला लागलं.

ईप्सिता : ते आदरानं करतात, बाबा.

मोहनराव : आदरानंच. तूही आदरानंच केलंस. पण आकडा एकट्याचाच राहिला ना? कागदावर मात्र दोघं दिसतात. त्या बत्तीस बिऱ्हाडांना वाटतं, दोघांनी बघितलंय.

ईप्सिता : हा आकडा मी खोडते. आणि दुसरी पट्टी आज राहू दे. मल्हारला बरं वाटलं की पुन्हा येईन.

सुलेखा : दुसरीचा आकडा तू सांगितला नाहीस ना अजून?

ईप्सिता : नाही.

सुलेखा : मग मी वाचते. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झालीत, सुईत दोरा ओवते मी. शिकव मला. एक चौकट म्हणजे किती?

ईप्सिता : एक मिलिमीटर. फुली दोन रेघांच्या मधे असेल तर अंदाजानं दहावा भाग सांगायचा. पण सांगायचा नाही. फोनवर लिहायचा. मी माझा वेगळा लिहिते.

सुलेखा : सरका. टॉर्च इकडे. ...हं. ...हं. लिहिला. दाखवू?

ईप्सिता : मी पण लिहिला. दाखवा.

सुलेखा : शून्य पॉइंट सात.

ईप्सिता : माझा शून्य पॉइंट सहा.

सुलेखा : चुकलं का माझं?

ईप्सिता : नाही, आई. दोन्ही लिहायचे. तुमचा सात, माझा सहा. मला आठवतंय, मागच्या वेळीही सहाच होता. म्हणजे इथे भिंत थांबलीय, निदान सध्या तरी.

मोहनराव : सहा आणि सात. ऐकलंस, सुलेखा? याला म्हणतात दोघांनी वाचणं. तुमचं जुळलं नाही, म्हणून मला त्यावर भरवसा ठेवता येतो.

सुलेखा : सूनबाईशी माझं कधी जुळलंय?

ईप्सिता : आई!

सुलेखा : हसली बघा. बरं, आता काय करायचं? खाली उतरायचं का? मला त्या मांजराचा फोटो काढायचाय.

मोहनराव : थांबा. पुण्यात आत्ता किती वाजले असतील?

ईप्सिता : साडेसात-आठ. का?

मोहनराव : विष्णू जेवायला बसला असेल. त्याला फोन लाव, सुलेखा. मला ते नाव यादीत सापडत नाही. सापडत नाही म्हणजे दिसत नाही.

सुलेखा : आत्ता? इथून? घरी गेल्यावर शांतपणे बोला की. रात्रभर विचार करा हवं तर.

मोहनराव : रात्रभर विचार केला की मी पुन्हा माझ्याच बाजूनं बोलायला लागतो. लाव.

सुलेखा : विष्णूशी भांडायचं नाही हं. ...घ्या. वाजतोय.

मोहनराव : हॅलो, विष्णू? मोहन बोलतोय. ...हो, हो, मजेत. जेवतोयस का? मग जेवता जेवता ऐक, उठू नकोस. ...अरे, एका घराच्या माळ्यावर आहे. आमची ईप्सिता आहे ना, तिची भिंत बघायला आलो. आल्यावर सांगतो, तुला वेड लागेल. पाच शतकं वाढत चाललेली भिंत. ...हो, वाढत. आपण दोघंही बकलिंग म्हणालो असतो. ...ते नंतर. सोमवारचं बोलायचंय. ...नाही, फोटो पाठवू नकोस. मला त्यात काही दिसणार नाही. ...डॉक्टर नाही, मीच सांगतोय. मधलंच जातं रे. ...मला माहितीय, तुला माहितीय. तू 'पॉइंट तीन असावा' म्हणायला लागलास तेव्हाच तुला कळलं असणार. ...अरे, रागावलो नाहीये. रडतोस काय? जेव तू.

सुलेखा : काय म्हणतोय?

मोहनराव : थांब गं. ...ऐक. सोमवारी एकटा जाऊ नकोस. ती नवी मुलगी घेतलीय ना आपण, उर्जा, तिला बरोबर ने. तुझा आकडा तिला आधी सांगायचा नाही. ती लाजेल, तुझ्याकडे बघेल, तरी सांगायचा नाही. तिचा वेगळा आला तर तिथेच उभं राहून भांडा. नाही मिटलं तर मला फोन करा. भेग का पडली असेल, ते मी अजून सांगू शकतो. ...हो, येईन की ऑफिसात. चहाला येईन, डोकं खायला येईन. ...दाखल्याचं? हो, त्याचंच सांगतोय. सही तू कर, विष्णू. या कागदावर आणि यापुढच्या सगळ्यांवर. मी करणार नाही.